मागच्या जन्माचा हिशेब

अगं, तुझ्या चुलतसासूबाई काय म्हणाल्या ते कळलं मला. “मागच्या जन्मी काहीतरी केलं असणार, म्हणून पोटातलं बाळ गेलं.” बोलणारीचं तोंड धरता येत नाही, पण तू ते मनाला का लावून घेतलंस? पहिल्या तीन महिन्यांत असं होतं, तेव्हा बरेचदा गर्भातल्या गुणसूत्रांतच दोष असतो. डॉक्टरांनी तुला तेच सांगितलंय ना?

राजगृहाच्या वेळुवनात सीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना हेच विचारलं होतं. माणसाचं सगळं सुखदुःख पूर्वकर्मानंच येतं का? बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणं मोजली. कर्म त्यातलं एक. बाबासाहेबांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गतजन्मीच्या कर्माचा हा हिशेब साफ नाकारलाय. आपल्या आजी-पणजीला गावाबाहेर ठेवताना हाच हिशेब सांगितला जायचा, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

मग कर्म मानायचंच नाही का? मानायचं, पण आपल्या हातातलं. बुद्धांचा भर कृतीमागच्या हेतूवर आहे. आपल्या लहानग्या मुलाला, राहुलला त्यांनी सांगितलं, आरशात बघावं तसं आपल्या कृतीकडे बघ. करण्याआधी, करताना आणि केल्यावरही. यानं मला किंवा दुसऱ्याला इजा होते का? सम्राट अशोकानं बैराटच्या लेखात भिक्खूंनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे उपदेश निवडले, त्यांत राहुलला केलेला उपदेशही आहे.

आता फॅमिली ग्रुपवर टाकायला लिहिलेला तुझा तो मेसेज घे. चुलतसासूबाईंची सून माहेरी निघून गेली, ते त्यात कशाला काढलंस? खोटं नाही ते, मान्य. पण खोटं न बोलण्याचं चौथं शील पाळलं म्हणून सम्यक वाचा झाली असं नाही; टोचून बोलणंही सोडावं लागतं. शिवाय त्या बिचाऱ्या सुनेनं तुझं काय वाकडं केलंय?

तो मेसेजच खोड. ग्रुपवर काहीच टाकू नकोस, त्यांना समोरच सांग, “काकी, असं पुन्हा बोलू नका, मला त्रास होतो.” शील घेतलं म्हणजे मुकाट ऐकून घ्यायचं, असं कुणी सांगितलं?

आणि बरं वाटलं की विहारात ये. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालू आहे, काकीही असतात. कर्माचं प्रकरण आलं की वाचायला तूच बस.