सामन्याआधीची आशा : एक अभ्यास

खेळांविषयी आपण पुष्कळ वाचतो. खेळाने शरीर सुदृढ होते, शिस्त लागते, सांघिक वृत्ती वाढते, हे शाळेतल्या निबंधापासून आपल्याला पाठ आहे. परंतु हे सारे लिहिले जाते ते खेळणाऱ्याविषयी. जो स्वतः मैदानात उतरत नाही, पण ज्याला सामन्याच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, त्या माणसाचा विचार सहसा कोणी करत नाही. मी त्यांपैकीच एक आहे. आमच्या पेठेचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आहे आणि सामन्याला अजून चार दिवस आहेत. या चार दिवसांत मनात जे चालते, त्याचा थोडा पद्धतशीर विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रेक्षक आणि चाहता यांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्रेक्षक खेळ पाहायला येतो. तो कोणाच्याही चांगल्या पासला टाळी देतो आणि घरी जाऊन जेवतो. चाहत्याचे तसे नसते. त्याने आपल्या सुखदुःखाची किल्ली अकरा जणांच्या हाती दिलेली असते. त्याच्या मनातल्या भावनेला आपण सरसकट ‘आशा’ म्हणतो. पण नीट पाहिले तर तिच्या तीन अवस्था दिसतात. ‘जिंकावे’ ही आशा. ‘जिंकणारच’ ही खात्री. आणि ‘जिंकलेच पाहिजे’ ही मागणी. तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे, फरक फक्त प्रत्ययांचा. परंतु फुटबॉलच्या इतिहासात या प्रत्ययांनी केवढी उलथापालथ केली, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण कलकत्त्याचे. २९ जुलै १९११ रोजी आय.एफ.ए. शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट हे संघ समोरासमोर आले. एका बाजूला राज्यकर्त्यांच्या सैन्याचा संघ; दुसऱ्या बाजूला बंगाली तरुण. सुधीर चटर्जी सोडले तर बाकीचे दहाही जण अनवाणी खेळत होते. वंगभंगाची जखम ताजी होती. तोवर एकाही भारतीय संघाने ही ढाल जिंकलेली नव्हती. म्हणजे खात्री बाळगायला इतिहासाचा आधार शून्य. तरीही आसपासच्या गावांतून लोक आगगाडीने, बोटीने कलकत्त्यात लोटले. ज्यांना मैदान दिसत नव्हते त्यांना पतंग उडवून गोल कळवले जात होते, असे सांगतात. पहिला गोल गोऱ्यांनी केला. सामना संपत आला असताना शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि लगेच अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. हा विजय मोठाच. पण मला त्याहून मोठी वाटते ती सामन्याआधीची गर्दी. पराभवाची शक्यता पूर्णपणे ठाऊक असताना ही माणसे घराबाहेर पडली होती. आशा म्हणतात ती हीच.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना स्टेडियमवर विश्वचषकाचा निर्णायक सामना ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात झाला. ब्राझीलने आधीच्या सामन्यांत स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे लोळवले होते. जगज्जेते होण्यासाठी त्यांना नुसती बरोबरीही पुरेशी होती. अधिकृत आकड्यानुसार १,७३,८५० प्रेक्षक हजर होते. प्रत्यक्षात ते याहून बरेच जास्त होते असे म्हणतात. सामन्यापूर्वीच वृत्तपत्राने संघाचे छायाचित्र ‘जगज्जेते’ म्हणून छापले. रिओच्या महापौरांनी खेळाडूंना विजेते म्हणून संबोधले. चषक देण्यासाठी आलेल्या जूल रिमे यांनी पोर्तुगीज भाषेत अभिनंदनाचे भाषण तयार ठेवले होते. इथे आशेला जागाच उरली नव्हती, कारण खात्रीने सगळी जागा अडवली होती. उत्तरार्धाच्या आरंभी फ्रियासाने ब्राझीलसाठी गोल केला. ६६ व्या मिनिटाला शियाफिनोने बरोबरी साधली आणि ७९ व्या मिनिटाला घिजियाने उरुग्वेचा दुसरा गोल केला. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये शांतता पसरली. रिमे यांचे भाषण खिशातच राहिले.

येथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. अभ्यास करण्यासारखे आहे ते पुढचे. खात्री मोडली की तिची मागणी होते आणि मागणीला आरोपी लागतो. ब्राझीलला तो सापडला गोलरक्षक बार्बोसा याच्या रूपाने. बार्बोसा त्या काळातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक होता आणि कृष्णवर्णीय होता. त्या एका गोलासाठी त्याला जन्मभर बोल लावला गेला. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, पण मी पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे उद्गार त्याने अखेरीस काढले. २००० साली तो वारला. ब्राझीलने पांढरा गणवेश टाकून दिला आणि १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने घेतलेल्या स्पर्धेतून आजचा पिवळा गणवेश आला. गणवेश बदलता येतो. माणसाला झालेली शिक्षा मागे घेता येत नाही.

त्याच दिवशी एका घरात रेडिओजवळ नऊ वर्षांच्या मुलाने आपल्या वडिलांना रडताना पाहिले. “मी तुमच्यासाठी विश्वचषक जिंकून आणीन,” असे तो म्हणाला. तो पेले. १९५८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने शब्द खरा केला. एकाच पराभवातून एका बाजूला शिक्षा निघाली आणि दुसऱ्या बाजूला शब्द निघाला. पेलेने कोणाकडे काही मागितले नाही, भार स्वतःवर घेतला. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

आता कलकत्ता आणि रिओ सोडून आपल्या कोल्हापुराकडे येऊ. बाहेरच्या लोकांना कोल्हापूर म्हटले की कुस्ती आठवते. परंतु ज्या तालमींत लाल मातीत शड्डू घुमला, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे आपल्याकडे संघांचीही नावे आहेत. सोबत शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांसारखे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुपारपासूनच पेठा रिकाम्या होतात. (माझा संघ कोणता हे मुद्दामच लिहीत नाही. आपल्या वर्गातच दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि हा लेख दोघांनीही पुरता वाचावा अशी इच्छा आहे.)

इथल्या आशेचे एक वैशिष्ट्य आहे. युरोपातल्या मोठ्या संघाचा चाहता खेळाडूला पडद्यावर पाहतो. आपला खेळाडू आपल्याच गल्लीत राहतो. सकाळी तो दुधाच्या रांगेत आपल्यापुढे उभा असतो. त्याची आई आपल्या आईला ओळखते. त्यामुळे आपली आशा त्याच्यापर्यंत थेट पोहोचते आणि आपली मागणीही. बार्बोसाला निदान दुसऱ्या शहरात निघून जाता आले असते. पेनल्टी हुकलेल्या आपल्या पोराला मात्र त्याच संध्याकाळी त्याच कोपऱ्यावरून घरी यावे लागते. कोपऱ्यावर उभे असलेले आपण त्या वेळी काय बोलतो, हा माझ्या मते या अभ्यासाचा खरा प्रश्न आहे. ईर्ष्या असावी, तिच्याशिवाय पेठेला पेठपण नाही. पण दगड उचलणारा हात हा चाहत्याचा नव्हे, तो वसुलीला आलेल्या माणसाचा आहे.

निकालाशिवायही आशा जगू शकते, याचा पुरावा याच शहराकडे आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला : अमेरिकेशी ०-३, कोलंबियाशी १-२, घानाशी ०-४. तरी त्यानंतर मैदानावर येणाऱ्या पोरांच्या तोंडी अनिकेतचे नाव होतेच. हरलेल्या संघातला खेळाडूही आशा मागे ठेवून जातो.

हे सारे मला इतके जवळचे का वाटते, तेही सांगितले पाहिजे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेच्या आदल्या रात्री वडील काही बोलत नाहीत, फक्त दिवा माझ्या बाजूला सरकवतात. स्टेडियममध्ये मी आशा करणारा असतो. घरी माझ्यावर आशा केली जाते. म्हणून दोन्ही बाजू मला थोड्याफार ठाऊक आहेत. ‘व्हावे’ या शब्दाने अंगात बळ येते आणि ‘झालेच पाहिजे’ या शब्दाने हात थरथरतात, हे मी कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय सांगू शकतो.

तेव्हा येत्या रविवारी माझी आशा काय आहे? आमचा संघ जिंकावा, हे तर आहेच. नाही म्हटले तर खोटे होईल. पहिल्या दहा मिनिटांत गोल व्हावा, बचावफळीने घाई करू नये, सामना टायब्रेकरवर जाऊ नये, कारण तेवढी माझ्या काळजाची तयारी नाही. पण याखेरीज आणखी एक आशा मी जपून ठेवली आहे. ती आमच्या संघाकडून नाही, आम्हा चाहत्यांकडून आहे. निकाल काहीही लागो, गोलरक्षक परत येईल तेव्हा कोपऱ्यावर त्याला चहा विचारणारा कोणीतरी असावा.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा सामना होऊन गेलेला असेल आणि मला आज जे ठाऊक नाही ते सर्वांना ठाऊक असेल. तरीही या लेखातला एकही शब्द निकालाप्रमाणे बदलू नये, एवढी संपादक मंडळाला नम्र विनंती.