बसगाडीतील बॅटऱ्या : एकसर आणि समांतर जोडणी

पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकातून सातारा, कोल्हापूर, सांगली या मार्गांवरील गाड्या पहाटेच सुटू लागतात. रात्रभर थंड पडलेले डिझेल इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू व्हावे, यासाठी गाडीतील बॅटऱ्या सुस्थितीत असाव्या लागतात. एस.टी.च्या डिझेल बसगाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट विद्युतदाब मिळविला जातो. त्या समांतर जोडल्या असत्या तर काय झाले असते, हे समजून घेतले म्हणजे ग्रामपंचायत कार्यालयातील इन्व्हर्टरपासून शाळेच्या प्रयोगशाळेपर्यंत अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

एका बॅटरीचे धन अग्र दुसरीच्या ऋण अग्रास जोडले की ती एकसर जोडणी होय. धनास धन आणि ऋणास ऋण जोडले की ती समांतर. वस्तुतः १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी हीच मुळात सुमारे २ व्होल्टच्या सहा घटांची एकसर मालिका असते. समजा, दोन्ही बॅटऱ्यांची क्षमता प्रत्येकी १५० अँपिअर-तास आहे. एकसर जोडल्यास दाब २४ व्होल्ट होतो, क्षमता १५० अँपिअर-तासच राहते. समांतर जोडल्यास दाब १२ व्होल्टच राहतो, क्षमता ३०० अँपिअर-तास होते. दोन्ही गुणाकार ३,६०० वॅट-तास येतात. जोडणी बदलल्याने साठविलेली ऊर्जा तसूभरही वाढत नाही.

समांतर जोडल्याने दिव्यातून अधिक प्रवाह वाहतो, ही समजूत बरीच रूढ आहे. ती बरोबर नाही. १२ व्होल्टचा ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो, मग त्यामागे एक बॅटरी असो वा समांतर जोडलेल्या दोन. दोन असल्यास तो सुमारे दुप्पट वेळ जळेल, इतकेच. तोच दिवा २४ व्होल्टवर लावला तर मात्र दुप्पट दाबामुळे प्रवाह वाढेल आणि दिव्याची तार लगेच जळून जाईल.

मोठ्या इंजिनाच्या स्टार्टरला क्षणभर प्रचंड शक्ती लागते. ती ४,००० वॅट धरली, तर १२ व्होल्टवर सुमारे ३३३ अँपिअर प्रवाह लागेल, २४ व्होल्टवर सुमारे १६७. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, त्याच तारेतील ही हानी एक चतुर्थांशावर येते. बसगाडीत एकसर जोडणी पसंत केली जाते ती या कारणाने.

या जोडणीची एक अट मात्र कडक आहे. दोन्ही बॅटऱ्यांतून एकच प्रवाह वाहत असल्यामुळे जोडीतील दुबळी बॅटरी आधी रिकामी होते आणि सशक्त बॅटरीचाही उपयोग थांबतो. म्हणूनच एक जुनी व एक नवी अशी जोडी लावणे ही खोटी काटकसर ठरते. चार्जिंगच्या वेळी जोडीवर २८ व्होल्ट दाब दिसला म्हणजे सर्व ठीक आहे असेही नव्हे. त्यात एकीवर १५ आणि दुसरीवर १३ व्होल्ट असू शकतात. तेव्हा पहिलीतील पाणी आटत जाते, तर दुसरी अर्धवट भरलेलीच राहून तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो. दोन्ही बॅटऱ्यांचा दाब वेगवेगळा मोजणे हाच यावर उपाय. रेडिओसारख्या १२ व्होल्टच्या उपकरणासाठी जोडीतील एकाच बॅटरीवरून तार काढण्याची सोपी युक्तीही हाच असमतोल निर्माण करते.

१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाची ‘शिवाई’ ही विद्युत बस सुरू झाली. विद्युत बसगाड्यांत बॅटरी केवळ इंजिन सुरू करण्यापुरती नसून गाडी चालविण्याचीच ऊर्जा तीत साठविलेली असते. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या एका घटाचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट असतो. असे १८० घट एकसर जोडले तर ५७६ व्होल्ट मिळतात. पल्ला वाढविण्यासाठी घट समांतरही जोडावे लागतात. येथे घटांच्या दाबावर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सतत लक्ष ठेवते; डिझेल बसमध्ये ते काम मीटर हाती घेतलेल्या कर्मचाऱ्यालाच करावे लागते.

ग्रामपंचायत कार्यालयातील २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरलाही अशाच दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. वीज अधिक वेळ पुरावी म्हणून तिसरी एकटी बॅटरी कोठेही जोडता येत नाही. एकसर जोडलेली तशीच दुसरी जोडी पहिलीस समांतर लावावी लागते. दाब २४ व्होल्टच राहून क्षमता दुप्पट होते. मात्र दोन्ही जोड्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या व वयाच्या असाव्यात, आणि जोडण्यापूर्वी सर्व बॅटऱ्या पूर्ण चार्ज केलेल्या असाव्यात. अन्यथा भरलेल्या जोडीतून रिकाम्या जोडीकडे एकदम मोठा प्रवाह वाहून तारा तापतात.