सही खरी, टेस्ट खोटी

आमच्या जुन्या जावा सर्व्हरवर प्लगइन बाहेरच्या लोकांकडून येत. पॉलिसी फाइलमध्ये 'साइन्डबाय' लावलेलं होतं, म्हणजे ठरलेल्या सहीच्या जारलाच डिस्कवर लिहिण्याची परवानगी. टेस्ट सगळ्या हिरव्या. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने सहज विचारलं, "सही काढली तर ही टेस्ट पडते का?" काढून पाहिली. पडली नाही.

कारण जार उघडलीच जात नव्हती. यूआरएलक्लासलोडरला जारचा पत्ता दिला, तरी तो आधी पालक लोडरला विचारतो. पालकाला तोच क्लास टार्गेट फोल्डरमध्ये सापडत होता, आणि त्या फोल्डरला कुणीतरी ऑलपर्मिशन बहाल केलेली.

ती का दिली असेल, हेही कळण्यासारखं आहे. जावा परवानगी तपासताना कॉल स्टॅकवरच्या प्रत्येकाला विचारते. सही केलेल्या जारला परवानगी असली, तरी तिला बोलावणाऱ्या जेयुनिटला नसेल तर नकारच. अशा वेळी प्लगइनमधलं नेमकं काम डूप्रिव्हिलेज्डमध्ये घालायचं असतं. घाईत लोक सगळ्यांनाच मोकळं सोडतात. नक्की कोण अडलं ते पाहायला 'जावा.सिक्युरिटी.डीबग=अ‍ॅक्सेस,फेल्युअर' लावा.

म्हणून टेस्टमध्ये आधी क्लासचा कोडसोर्स छापा. पत्ता जारचाच आहे ना? गेटकोडसायनर्स नल देत असेल, तर पुढचं सगळं व्यर्थ. मग नकाराच्या टेस्ट लिहा: बिनसहीची जार, परक्या सहीची जार, सहीनंतर एखादा क्लास बदललेली जार. पॉलिसीचा पर्याय देताना बरोबरचं चिन्ह दोनदा (==) द्या; एकदाच दिलं तर तुमची फाइल जेडीकेच्या मूळ पॉलिसीत नुसती भर घालते.

जारसाइनरच्या 'व्हेरिफाइड'वरही विसंबू नका. सहीनंतर घुसवलेल्या क्लासबद्दल तो खाली इशारा देतो, पण 'स्ट्रिक्ट' नसेल तर एक्झिट कोड शून्यच, आणि बिल्ड स्क्रिप्ट तेवढंच बघते. एमडी५ने सही केलेल्या जुन्या जार तर एप्रिल २०१७च्या अपडेटपासून बिनसहीच्याच धरल्या जातात.

हे सगळं जावा ८ किंवा ११वर अडकलेल्यांसाठी. पॉलिसीतल्या या परवानग्या राबवणारा सिक्युरिटी मॅनेजर जावा १७मध्ये मोडीत काढायचा ठरला आणि २४मध्ये कायमचा बंद झाला. सही तिथेही तपासता येते, पण तिच्या जोरावर कुणाला अडवता येत नाही. तिथे परका प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये, कमी अधिकारांच्या युजरखाली चालवा, आणि नकाराच्या टेस्ट त्या युजरवर लावा.