वाढत्या फीचें क्रेडिट कार्ड

विसरवाडीच्या शेतकऱ्याजवळ हल्लीं दोन कार्डें असूं शकतात; त्यांची गल्लत करूं नये. १९९८ सालीं निघालेलें किसान क्रेडिट कार्ड हें पीककर्जाचें साधन. वेळेवर फेड केल्यास तीन लाखांपर्यंतच्या रकमेस व्याज ४ टक्केच पडतें. तें सोडणें म्हणजे सावकाराच्या दारीं जाणें होय.

खरेदीचें कार्ड निराळें. त्याची वार्षिक फी वाढल्यास वर्षभरांत मिळालेली सूट वहींत मांडावी. फी जड भरली, तर आमच्या मतें तें ठेवूं नये. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घालून दिलेल्या नियमाप्रमाणें शुल्कवाढीची सूचना महिनाभर आधीं मिळावयास हवी. त्या कारणानें कार्ड परत करणाऱ्याकडून जादा आकार घेतां येत नाहीं. मात्र सर्व देणें आधीं फेडावें. मग अर्ज केल्यावर ७ कामकाजी दिवसांत कार्ड बंद न झाल्यास बँकेस दररोज ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात. कार्ड नुसतें कापून टाकल्यानें फी थांबत नाहीं.