कंपायलरला तुझा बोर्ड दिसत नाही

मनू, पाठवलेली मेकफाइल वाचली. आधी सांग, ही कुणाची? त्यात सीपीयूपुढे कॉर्टेक्स-एम३ लिहिलंय आणि तुझ्या टेबलावर आहे एसटीएम३२एफ४०७, म्हणजे कॉर्टेक्स-एम४. जुन्या प्रोजेक्टातून उचललेली दिसते. उचलायला माझी ना नाही गं, सगळेच उचलतात. पण उचलल्यावर एकेक फ्लॅग चिपच्या डेटाशीटशी ताडून बघायचा असतो, त्याचा तू कंटाळा केलायस. एम३साठी बांधलेला कोड एम४वर निमूट चालतो, म्हणून ही चूक कुणाच्या डोळ्यावर येत नाही. फक्त ज्या फ्लोटिंग पॉइंट युनिटसाठी ही चिप निवडली, ते तसंच पडून राहतं.

लॅपटॉपवर प्रोग्रॅम बांधताना तुला काही सांगावं लागत नाही, कारण कंपायलर त्याच मशीनवर बसलेला असतो. इथे तसं नाही. बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टिम नाही, मेमरी किती ते सांगणारं कुणी नाही, मेनला हाक मारणाराही तूच लिहायचास. कंपायलर तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो. खोटं सांगितलंस तर खोट्यावरही ठेवतो.

आता फ्लोटचं नीट समजून घे, कारण नव्या मुली हमखास इथेच अडकतात. एम-फ्लोट-एबीआय या फ्लॅगला तीन उत्तरं चालतात: सॉफ्ट, सॉफ्टएफपी आणि हार्ड. सॉफ्टमध्ये सगळं गणित लायब्ररी करते. सॉफ्टएफपीमध्ये गणित हार्डवेअर करतं, पण फंक्शनला फ्लोट द्यायचा तो साध्या आर० वगैरे रजिस्टरांतून. हार्डमध्ये तो फ्लोटिंग पॉइंटच्याच एस० पासूनच्या रजिस्टरांतून जातो. म्हणजे हा प्रश्न नुसता वेगाचा नाही, दोन फंक्शनांमधल्या देवाणघेवाणीचा आहे. एक जण पुढच्या दारात उभा आणि दुसरा मागच्या दाराने डबा ठेवून गेला, असं होतं. बऱ्याचदा लिंकर ओरडतो की ही फाइल व्हीएफपी रजिस्टरांतून आर्ग्युमेंट घेते आणि ती घेत नाही. ओरडला तर नशीब समज, निदान कळलं. एम४साठी एफपीयूचा फ्लॅग एफपीव्ही४-एसपी-डी१६ आणि एबीआय हार्ड, हे ठरव आणि प्रत्येक फाइलला तेच दे.

लिंक करतानाही तेच दे बरं का! तुझ्या मेकफाइलमध्ये कंपाइलच्या ओळीत फ्लॅग आहेत, लिंकच्या ओळीत एकही नाही. जीसीसी स्टँडर्ड लायब्ररीच्या अनेक प्रती जवळ ठेवतो आणि त्यातली कुठली जोडायची ते लिंकच्या वेळच्या फ्लॅगांवरून ठरवतो. थंब सांगितलं नाहीस तर तो जुन्या आर्म मोडची प्रत जोडू शकतो. कॉर्टेक्स-एमला फक्त थंब कळतं. तिथे एरर येईलच असं नाही, पहिल्या लायब्ररी कॉलला बोर्ड मरतो एवढंच दिसतं.

बरं, फ्लॅग बरोबर दिले तरी रीसेटनंतर फ्लोटिंग पॉइंट युनिट बंदच असतं. सीपीएसीआर नावाचं रजिस्टर आहे, हेक्समधला पत्ता ई०००ईडी८८. त्यातले २० ते २३ हे चार बिट एक केल्याशिवाय ते उघडत नाही. आणि हे काम मेनच्या आत करू नकोस. मेनमध्ये फ्लोट असले तर कंपायलर मेनच्या अगदी सुरुवातीलाच फ्लोटची रजिस्टरं स्टॅकवर ढकलू शकतो. तू युनिट सुरू करायच्या आतच फॉल्ट! रीसेट हँडलरमध्ये, मेनच्या आधी करायचं.

आणि तुझ्या कोडमधली ती तापमानाची ओळ. रीडिंग फ्लोट आहे, पण तू गुणलंस नुसत्या ०.१ ने. मागे एफ नाही, म्हणजे सीच्या नियमाने तो डबल झाला. एम४चं युनिट फक्त सिंगल प्रिसिजनचं, त्यामुळे एवढ्याशा गुणाकारासाठी लायब्ररीतली डबलची फंक्शनं आली. मॅप फाइल उघड, एईएबीआय-डीमल असं नाव तिथे बसलेलं दिसेल. डबल-प्रमोशनची वॉर्निंग चालू ठेव, ती अशी आपोआप झालेली बढती दाखवून देते.

लिंकर स्क्रिप्टमध्ये तर तू रॅम सरसकट १९२ केबी लिहिलीस. डेटाशीटच्या पहिल्या पानावर बेरीज तीच आहे, खरं. पण ती सलग नाही. २००००००० या पत्त्यापासून १२८ केबी, आणि उरलेली ६४ केबी सीसीएम म्हणून वेगळी, १००००००० वर. तू स्टॅकचा माथा २००३०००० ला नेऊन ठेवलास, तिथे या चिपमध्ये काहीच नाही. पहिल्या पुशलाच खेळ खलास. सीसीएम वेगळी लिही, आणि डीएमएचे बफर तिथे टाकू नकोस, डीएमए तिथे पोचत नाही. व्हेक्टर टेबलला कीप लावलंयस, ते बरं केलंस. गार्बेज कलेक्शन चालू असताना ते नसतं तर टेबलच गळून गेलं असतं, कारण कोडमध्ये त्याचं नाव कुणी घेत नाही.

मेमकॉपी स्वतः लिहायची हौस असेल तर एक ऐक. फ्रीस्टँडिंग म्हटलं तरी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं जीसीसी गृहीतच धरतो. तू साधा बाइट-बाइट लूप लिहिलास की तो ओळखतो, "अरे, ही तर मेमकॉपी," आणि लूपच्या जागी मेमकॉपीचा कॉल घालू शकतो. मग फंक्शन स्वतःलाच हाक मारत बसतं. न्यूलिबमधली वापर.

ऑफिसात कुणी म्हणेल, चालतंय ना, मग हात कशाला लावतेस? पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करणाऱ्या टीम्समध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! वाद घालू नकोस. फ्लॅगांची एक स्वतंत्र फाइल कर, प्रत्येकापुढे रेफरन्स मॅन्युअलमधल्या कलमाचा नंबर लिही आणि रिव्ह्यूला टाक. सीनियर सरसुद्धा कलमाच्या नंबरासमोर गप्प बसतात.

उद्या हे सगळं बदलून बघ. तरी हार्डफॉल्ट आलाच, तर लगेच रीसेटचं बटण दाबू नकोस. डिबगरमध्ये ई०००ईडी२८ हा पत्ता वाच, ते सीएफएसआर. ०००८०००० दिसलं तर फ्लोटिंग पॉइंट अजून बंद आहे. ०००२०००० असेल तर कुठेतरी थंब सोडून आर्म मोडमध्ये उडी बसतेय, लायब्ररी तपास. तिसरंच काही असेल तर आकडा मेसेज कर आणि दहानंतर फोन कर, तोवर आमचं पिल्लू झोपलेलं असतं.