मागच्या आसाचा आवाज : ऐकण्याचा एक धडा



आपल्या शाळेची पिकअप गाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. बाके, खेळाचे सामान, शिबिराची भांडी, सारे तीच वाहते. गेल्या हिवाळ्यात आमचे चालक मामा दोनदा म्हणाले, "सर, गाडी मागून गुरगुरते आहे." आम्ही उत्तर दिले, "मामा, जुनी गाडी आहे, आवाज करणारच." हे उत्तर चुकीचे होते. कसे, ते या लेखात सांगत आहोत.

प्रथम रचना समजून घेऊ. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे 'धुरी' म्हणत. मराठीत तो 'आस'. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि चाके त्यावर फिरतात. पिकअपमध्ये इंजिनाची शक्ती लांब दांड्याने, म्हणजे प्रोपेलर शाफ्टने, मागे येते. तिथे लहान पिनियन मोठ्या क्राउन चाकाला फिरवतो. पिनियनला ९ आणि क्राउनला ४१ दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे सुमारे साडेचार फेरे होतात.

क्राउनसोबत डिफरन्शियल असते. त्याची गरज काय? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर गाडी पूर्ण उलट वळवताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.४ मीटर जास्त चालते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती, तर प्रत्येक वळणावर टायर घासला असता.

आता आवाज कसा ओळखावा? मिस्त्री एकेक कारण वगळत जातो. विज्ञानाची रीतही हीच.

१. गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवावा. तोच आवाज आला, तर दोष पुढे आहे, मागे नाही.
२. गुळगुळीत डांबरावर आवाज बदलला, तर आधी टायर पाहावेत. वेडेवाकडे झिजलेले टायरही गुरगुरतात.
३. ॲक्सिलरेटर दाबला की बारीक सूर निघतो आणि सोडला की बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर.
४. गाडी सुटताना किंवा गिअर बदलताना 'ठक्' असा आवाज आला, तर शाफ्टचे क्रॉस जॉइंट तपासावेत.
५. ॲक्सिलरेटरचा संबंध नाही, पण वेगाबरोबर गुरगुर वाढते आणि वळणावर कमी-जास्त होते, तर चाकाचे बेअरिंग. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर दोष उजव्या बाजूला असण्याची शक्यता जास्त.

आमच्या गाडीची गोष्ट पुढे अशी. एका गॅरेजने गाडी न चालवताच सांगितले, "पूर्ण हाउसिंग बदला." खर्चाचा आकडा ऐकून आम्ही विषय पुढे ढकलला. ओंकारेश्वरच्या शिबिराचे सामान घेऊन गाडी भेरू घाट उतरणार होती. आदल्या दिवशी मामांनी रिकामी गाडी फिरवून वरील पाचही गोष्टी तपासल्या. गुरगुर सतत होती आणि डाव्या वळणावर वाढत होती. मग त्यांनी सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकने उचलून मागचा आस घोडीवर टेकवला. (गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कधीही शिरू नये.) उजवे चाक हाताने फिरवले तर खरखर लागली. ड्रम उघडला तर ब्रेकचे शू गिअर ऑइलने भिजलेले होते!

बेअरिंग झिजून दांडा हलत होता, त्यामुळे ऑइल सील फाटले होते. शिवाय हाउसिंगचा श्वास घेण्याचा छोटा झडपा मातीने बंद होता. गरम झाल्यावर आत दाब वाढे आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाई. आवाज बेअरिंगचा होता, पण धोका ब्रेकचा होता. त्या दिवशी गाडी घाटात गेली असती तर काय झाले असते, याचा विचार करून आम्हाला रात्री झोप आली नाही.

दुरुस्ती काय केली? दांडा बाहेर काढून प्रेसवर नवे बेअरिंग बसवले, नवे सील टाकले, ड्रम धुतला. ब्रेकचे शू दोन्ही बाजूंचे बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर गाडी एकीकडे ओढते. झडपा साफ केला. हाउसिंगमधले ऑइल काढले. बुचाच्या चुंबकावर फक्त बारीक राखाडी लेप होता, लोखंडाचे तुकडे नव्हते. म्हणजे क्राउन-पिनियन शाबूत होते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ऑइल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरले. हाउसिंग बदलावे लागले नाही.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती मान्य झाली आहे : चालकाची तक्रार आता वहीत लिहिली जाते आणि गाडी तपासल्याशिवाय बाहेरगावी जात नाही. मामांची आम्ही सर्वांसमोर क्षमा मागितली. वर्गात मागच्या बाकावरून एखादे मूल हळू आवाजात काही सांगते, तेव्हाही आम्हाला आता ही गाडी आठवते.

स्वाध्याय
१. टायरचा परीघ २ मीटर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला किती फेरे घेईल? क्राउनचे ४१ दाते धरून सेकंदाला किती दाते जुळतील? (उत्तर : सुमारे ५.६ फेरे; सुमारे २२८ दाते.) यावरून क्राउन-पिनियनचा सूर बारीक का, ते लिहा.
२. आस घोडीवर आहे, इंजिन बंद आहे, गाडी गिअरमध्ये आहे. एक मागचे चाक हाताने पुढे फिरवले तर दुसरे उलटे का फिरते? मोठ्यांच्या देखरेखीत पाहा आणि कारण लिहा.
३. घरातील एखाद्या यंत्राचा आवाज ऐका. कोणती कारणे कोणत्या क्रमाने वगळाल?