दुसऱ्या गाडीचे इंजिन : हुनर आणि हिशोब

आजरा, गडहिंग्लज भागातील अनेक तरुण आज गॅरेजच्या धंद्यात आहेत. पुढे आंबोलीचा घाट असल्याने दणकट मोटारसायकलीचे त्यांना आकर्षण असते. जुन्या गाडीच्या सांगाड्यात कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीच्या, म्हणजे डर्ट बाइकच्या गाडीचे इंजिन बसवून ती सडकेवर चालवावी, असा विचार काहींच्या मनात येतो. हुनर म्हणून हे काम मोठे आहे. परंतु धंदा म्हणून हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, इंजिनची जात. शर्यतीचे इंजिन वजनाने हलके व ताकदीने जबर असते, पण त्याचे आयुष्य किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजतात. त्यात ऑइल थोडे मावते व ते लवकर लवकर बदलावे लागते. पिस्टनही ठरावीक तासांनी बदलावा लागतो. पुष्कळ इंजिनांत दिव्यापुरती वीजही तयार होत नाही. इंजिन पाण्याने थंड होणारे असेल तर रेडिएटरला जागा करावी लागते.

दुसरी गोष्ट, माप. कापड कापण्यापूर्वी दोनदा मोजतात, तसेच येथे. पुढचे व मागचे चेन-चक्र एका रेषेत आले नाही तर चेन झिजते, चालत्या गाडीत उतरूही शकते. इंजिन धरणाऱ्या पट्ट्या मजबूत हव्यात. दात्यांचाही हिशोब करावा. मागे ५० व पुढे १३ दाते असतील तर प्रमाण सुमारे ३.८५ येते, मागे ४२ व पुढे १४ केले तर ३. म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे सुमारे २२ टक्के कमी होतात. इंजिन तेवढे कमी तापते. मात्र वेग वाढला की ब्रेकही तसेच हवेत.

तिसरी गोष्ट कायदा, आणि खरी मेख येथेच आहे. नोंदणी पुस्तकात इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक दोन्ही असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनीला भरपाई नाकारायला कारण मिळते. मग जखमी माणसाची भरपाई मालकाच्या घरादारावर येऊ शकते.

आता हिशोब. समजा, जुना सांगाडा २०,०००, इंजिन ६०,०००, लेथ व वेल्डिंग १५,०००, रेडिएटर, वायरिंग, सायलेन्सर १५,००० : एकूण १,१०,०००. कारागिराचे ४५ दिवस, रोज ६०० धरले तर २७,०००. माल पडला १,३७,००० ला. पण कागद नसलेल्या गाडीला गिऱ्हाईक सुट्या भागांचाच भाव देणार. मजुरी तर बुडालीच, वर भांडवल अडकले. त्यासाठी घरातले दागिने गहाण ठेवले असतील तर व्याज वेगळे.

मग हुनर वाया घालवायचे काय? मुळीच नाही. १९९६ मध्ये बंद झालेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या गाड्या मूळच्याच इंजिनवर नव्यासारख्या करून देणाऱ्या कारागिराला आजही मागणी आहे. कच्च्या रस्त्याची हौस असेल तर कंपनीनेच त्यासाठी बनवलेली, नोंदणी होणारी गाडी घ्यावी. हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ पासून बाजारात आली. तिची दुरुस्ती व देखभाल शिकून घ्यावी. इंजिन बदलणे भागच असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे, मंजुरी घ्यावी आणि बदलाची नोंद १४ दिवसांत करावी. खाजगी मैदानावर चालवायची गाडी बनवायची असेल तर तसे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावे व निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

जोश असावा, पण पान्याला हात लावण्यापूर्वी वही उघडावी.